अकरावा सिपारा आणि खिरीचा डबा

मी पहिलीच्या पोरांना वाचायला शिकवतो. केळझरच्या पुढे एका गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे, तिथंच माझी नोकरी पिकली. 'क'ला काना 'का' हे मी इतक्यांदा म्हटलंय की बायकोच्या मते माझ्या घोरण्यालाही काना-मात्रा असतात. तर अशा या वाचनपंडिताला पन्नाशीला टेकेपर्यंत कुरआन वाचता येत नव्हतं, आणि सिंदी मेघेतल्या आमच्या गल्लीत ही गोष्ट कोणालाच माहीत नव्हती. माहीत नव्हती, कारण वाचायला जेवढी मेहनत लागते त्याच्या दुप्पट मी ती लपवायला घेतली होती.

नमाजेपुरत्या सूरा, म्हणजे कुरआनातले छोटे अध्याय, तोंडपाठ होत्या. लहानपणी अब्बा सकाळी मशिदीत शिकायला धाडायचे आणि मी सायकल थेट पवनारला, धाम नदीवर नेऊन उभी करायचो. डुबक्या मारून ओल्या केसांनी घरी आलो की अब्बांना वाटायचं, पोरगा वजू करून, म्हणजे नमाजेआधीचे हात-तोंड-पाय धुऊन आला. पुढे मराठी शाळा, डी.एड., नोकरी. अब्बा स्वतः रोज फजरच्या, पहाटेच्या नमाजेनंतर वाचायचे, हळूहळू, बोट ठेवून. एखाद्याच्या घरी मयत झाली की कुरआनख्वानी असते. म्हणजे कुरआनाचे तीस भाग, ते तीस सिपारे चादरीवर मांडतात, जमलेला जो तो एकेक उचलतो आणि सगळे मिळून एका बैठकीत पूर्ण कुरआन वाचून त्याचं पुण्य मयताच्या नावे करतात. अब्बा अशा बैठकीत नेहमी शेवटी उठायचे. लोकांचे हात धुऊन झालेले, डाळ-मटणाच्या दालच्याचा वास सुटलेला, आणि हे आपले बोट सरकवताहेत. मला लाज वाटायची. मी त्यांना म्हणायचो, "अब्बा, थोडं जोरात घ्या ना." ते म्हणायचे, "त्याले कुठं जायची घाई आहे आता?"

मग अब्बाच गेले. ईद होऊन काही दिवस झाले होते.

चाळिसाव्या दिवसाची कुरआनख्वानी आमच्या घरी. मे महिना, वर्ध्याचं ऊन, दोन कूलर आणि पन्नास माणसं. चादरीवर सिपारे मांडले. मी यजमान, पाणी-सरबताच्या निमित्तानं आत-बाहेर करत होतो, पण आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांनी हाताला धरून बसवलं. "मास्टर, बेटे का हक़ सबसे पहले," म्हणाले आणि अकरावा सिपारा माझ्या हातात दिला.

मी काय केलं ते सांगतो. शेजारच्या माणसाकडे पाहून ओठ हलवायला लागलो. त्यानं पान उलटलं की मी उलटायचो. डोकं पुढे-मागे डोलवायचो. मध्येच एकदा डोळे टिपले. ते पाणी मात्र खरं होतं. पण शेजारचा माणूस निघाला हाफिज, त्याचं पाठच होतं, तो पानं वाऱ्यासारखी उलटत होता. माझाही वेग तसाच झाला. आम्ही दोघं सगळ्यांच्या आधी उठलो. इमामसाहेब म्हणाले, "माशाल्लाह, मास्टर! क्या रवानी है!"

संध्याकाळी अम्मा मला म्हणाली, "सगळ्याहीचं पोचलं असन तुह्या अब्बाले. पण तुह्यं आधी पोचलं असन."

मी मान डोलवली. डोलवायची सवय दुपारीच लागली होती.

हिशेब अगदी पहिलीचा होता. तिसातून एक गेला. माझ्या बापाच्या नावानं झालेलं कुरआन अपुरं होतं, आणि अपुरं ठेवणारा मीच. मी ठरवलं, बरसीच्या, म्हणजे वर्ष भरायच्या आत तो अकरावा सिपारा खरोखर वाचायचा.

पण शिकायचं कुणाकडे? आमच्या मशिदीत जाऊन "अलिफ-बे शिकवा" म्हणायची सोय नव्हती. तिथं माझी 'रवानी', म्हणजे वाचनातला ओघ, प्रसिद्ध झाली होती. उरली पलीकडची मशीद. आता हे मराठी वाचकाला सांगायला हवं. आम्ही बरेलवी. फातिहा देणारे, म्हणजे ताटावर कुरआन पढून ते मयताच्या नाहीतर बुजुर्ग संतांच्या नावे करणारे, दर्ग्यावर चादर चढवणारे, नियाजचं, त्या नावानं वाटलेलं जेवण चाटूनपुसून खाणारे. ते देवबंदी. त्यांच्या मते हे सगळं मागाहून घुसलेलं, धर्मात नसलेलं. लग्न-मयतीला एकमेकांकडे जातात, पण फातिहा दिलेल्या ताटाला ते हात लावत नाहीत, आणि अम्मा त्यांचा विषय निघाला की म्हणते, "ज्याहीले बुजुर्गांचा घास गोड नाई लागत, त्याहीले काय गोड लागन?"

पलीकडच्या मशिदीशेजारी एक आपा, म्हणजे साऱ्यांच्या ताई, राहत. उर्दू शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या. आमची ओळख निवडणुकीच्या कामावरची. एका मतदान केंद्रावर त्यांनी मला शाई लावण्यावरून सर्वांसमोर झापलं होतं. त्या ओसरीत मोहल्ल्यातल्या मुलींना कुरआन शिकवायच्या. मी गेलो, खरं काय ते सांगितलं. त्या बोलायच्या हिंदीत. मी इथं मराठीत सांगतो, फक्त टोमणे मूळचे ठेवतो.

"चाळिसाव्याला खोटं वाचलंस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"सगळ्यांच्या आधी उठलास?"

"हो."

"कम से कम आख़िर में तो उठते, कमबख़्त."

आतून हाजीसाहेब, म्हणजे त्यांचे यजमान, खदखदून हसले. ओसरीचं दार उघडं, पलंगावर हाजीसाहेब पेपर वाचताहेत, आपा खुर्चीत विणकामाची सुई घेऊन, आणि खाली चटईवर मी, अशी माझी शाळा भरली. मुली गेल्यावर माझा नंबर. फी घेणार नाही म्हणाल्या. मग मी शाळेच्या गावातून वांगी, मेथी, कोवळी तूर आणायचो. आमच्या शाळेतल्या शिक्षकांची शेतं होती, ते पिशवी भरून द्यायचे. आपा तेवढं घ्यायच्या.

घरी सांगितलं, मतदार यादीचं काम आलंय. मास्तरानं हे सांगितलं की महाराष्ट्रात कुणी पुढे विचारत नाही. अम्माला फक्त एवढंच वाटलं की यंदा सरकार फारच मतदार शोधून राह्यलं.

शिकताना मला माझ्या पहिलीतल्या प्रत्येक पोराची क्षमा मागावीशी वाटली. डोळा सवयीनं डावीकडे जायचा आणि ओळ सुरू व्हायची उजवीकडून. एकच पोट असलेलं अक्षर. टिंब पोटात असलं तर जीम, डोक्यावर असलं तर खे, आणि नसलंच तर 'हे'. मला टिंब दिसेना. मी चष्म्याला दोष दिला, उजेडाला दिला, छपाईला दिला. आपा सुई त्या टिंबावर ठेवून म्हणायच्या, "छपाई बराबर है. मास्टर में छपाई की ग़लती है." एकदा मी म्हणालो, काल पाहुणे आले म्हणून पाठ झाला नाही. त्यांनी विचारलं, "तुझ्या वर्गातलं पोरगं असं म्हणालं तर काय करतोस?" मी म्हणालो, पालकांना बोलावतो. त्यांनी सुई पुन्हा ओळीवर ठेवली. माझ्या पालकांपैकी एक तर यायच्या पलीकडे गेला होता.

पावसाळा गेला, कापूस घरात आला आणि मी अक्षरं फोडून हिज्जे करत, ज़बर-ज़ेर-पेश या तिथल्या काना-मात्रा लावत, एकदाचा अकराव्या सिपाऱ्याशी पोचलो. सिपाऱ्याला त्याच्या पहिल्या शब्दाचं नाव असतं. मी या सिपाऱ्याचा पहिला शब्द अडखळत वाचला आणि सहज अर्थ विचारला. आपांनी चष्मा काढला. "बहाणे बनाएँगे," म्हणाल्या, आणि हसू दाबायला आत निघून गेल्या.

थंडीत रजब महिना आला. रजबमध्ये आमच्याकडे कुंडे होतात. मातीची कोरी भांडी धुऊन, त्यात खीर आणि रव्या-दुधाच्या गोड पुऱ्या भरतात, फातिहा देतात, लोकांना घरी बोलावून खाऊ घालतात. नियम एकच, पण कडक: कुंड्यांचं खाणं घराबाहेर जात नाही. तिथंच बसायचं, तिथंच खायचं, तिथंच हात धुवायचे. अम्मा तर हात धुतलेलं पाणीही कुंडीतल्या तुतीला घालते. पलीकडच्या मशिदीवाल्यांना हे अर्थातच मुळात मान्य नाही.

त्या आठवड्यात आपा सुई फिरवता फिरवता म्हणाल्या, "माझ्या माहेरी कुंडे व्हायचे. अम्मी पुऱ्यांचा रवा दुधात मळायची. लग्न झालं, इकडे आले, सुटलं ते. योग्यच सुटलं." मग थोडं थांबून, "पुऱ्या मात्र चांगल्या व्हायच्या. चल, पुढे वाच."

झालं. माझ्यातला परोपकारी जागा झाला. हा माझ्यातला सर्वांत घातक माणूस. खोटारडा मला सांभाळता येतो, परोपकारी नाही.

कुंड्यांच्या दिवशी अम्मा पाहुण्यांत होती तेव्हा मी स्टीलच्या डब्यात खीर आणि वर चार पुऱ्या भरल्या आणि स्वेटरच्या आत धरून निघालो. अम्माचा नियम तिथंच मोडला. आपांकडे पोचलो, डबा पुढे केला. त्यांनी झाकण उघडलं. बराच वेळ नुसत्या पाहत राहिल्या.

"कशाचं आहे?"

"सहज केलं घरी," मी म्हणालो. "थंडी आहे म्हणून."

"सहज?"

"हो आपा, सहज."

त्यांनी एक पुरी खाल्ली. मग साखरेचा त्रास असूनही दुसरी. हाजीसाहेब पेपर सोडून आले, दोन त्यांनी संपवल्या, खीर बोटानं पुसली. मी चटईवर बसून स्वतःवर खूश झालो होतो. त्या दिवशी मी फार छान वाचलं.

आता एक गोष्ट मी मास्तर असून विसरलो, जी आमच्याकडे पहिलीतल्या पोरीलाही माहीत असते: दुसऱ्याचा डबा रिकामा परत जात नाही.

दोन-तीन दिवसांनी शाळेतून आलो तर दारात हाजीसाहेबांची स्कूटर. मी गेटला धरूनच उभा राहिलो. ओसरीत ते खुर्चीवर, टोपी नीट करून बसलेले, आणि दाराच्या आत अम्मा. मधल्या स्टुलावर आमचा डबा. झाकणावर अब्बांचं नाव कोरलेलं, ते वाचत वाचत ते गल्लीत विचारून आले होते. डब्यात गाजराचा हलवा.

"बहनजी," हाजीसाहेब सांगत होते, "आमच्या घरी त्या दिवसापासून तुमच्या पुऱ्यांचंच बोलणं आहे. आणि तुमचा मुलगा! किती मन लावून वाचतो. आमची बीबी म्हणते, असा शागिर्द नाही."

अम्मा म्हणाली, "वाचतो? काय वाचतो?"

"सिपारा."

"कोनता सिपारा? थो तं मतदार यादी वाचते." मग तिची नजर डब्यावर गेली. "आन् पुऱ्या कोनत्या?"

मी गेटातूनच म्हणालो, "अम्मा, मी सांगतो..."

"तू गप. हाजीसाहेब, पुऱ्या कोनत्या?"

"दुधातल्या. खिरीबरोबर."

अम्मा काही बोलायच्या आधी तिच्या चेहऱ्यानंच सगळं सांगितलं. "अहो, थे कुंडे होते," ती म्हणाली. "फातिहा झालेले. घराबाहेर जातच नाईत थे. हा घेऊन गेलता?"

हाजीसाहेब उठले. रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, "बेटा, पूछा था ना उसने?" आणि स्कूटर ढकलतच गल्लीच्या टोकापर्यंत गेले. सुरू करायचंही त्यांना सुचलं नाही.

अम्मानं मला समोर बसवलं. कुंड्यांचं काहीच विचारलं नाही. "सिपारा काऊन शिकून राह्यला? तुले तं येते ना?"

मग सांगावं लागलं. अकरावा सिपारा, शेजारचा हाफिज, डोलणारं डोकं. ती ऐकत राहिली. मला वाटलं, रडेल, ओरडेल. ती फक्त म्हणाली, "मंग तुह्ये अब्बा वर्सभर तसेच बसून असन. शेवटचा माणूस उठायची वाट पाहत."

मी हलव्याचा डबा उचलून आत ठेवला. त्या हलव्याला घरात कोणी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी आपांकडे गेलो तर ओसरीचं दार लावलेलं. आतून मुलींचा आवाज येत होता. मी चपलांजवळ उभा राहिलो. हाजीसाहेब बाहेर आले, म्हणाले, "कुछ दिन मत आना." सिपारा जेमतेम अर्धा झाला होता. पुढची पानं मी घरी एकट्यानं वाचायला बघायचो, पण चूक झाली की सुई नाही, टोमणा नाही. बरोबर वाचलं तरी कळायचं नाही. बरसी जवळ येत होती.

एका दुपारी अम्मानं बुरखा घातला आणि म्हणाली, "ऑटो बोलाव."

"कुठं?"

"तुह्या मतदाराकडे."

अम्मा त्या मोहल्ल्यात आयुष्यात पहिल्यांदा गेली. आपांच्या ओसरीत दोघी समोरासमोर बसल्या. मी पायरीवर, जिथं चपला असतात तिथं.

अम्मा म्हणाली, "चूक ह्याची. तुमची बी केली, माझी बी केली. पण याच्या बापानं तुमचं काय केलं? त्याचा सिपारा अर्धा राह्यला. ह्याले शिकवा. मंग वाटलं तर हाकलून द्या."

आपांनी विणकाम बाजूला ठेवलं. मग अम्माकडे नाही, माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "मी विचारलं होतं. दोनदा विचारलं. तू खरं सांगितलं असतंस तर मी खाल्लं नसतं. वास घेतला असता, माहेर आठवलं असतं, डबा परत केला असता आणि तुला दुआ दिली असती. खीर मी खाल्ली, पण मेरी मर्ज़ी तुम खा गए."

मी मान खाली घातली.

"आणि त्याहून वाईट सांगू?" त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "झाकण उघडलं तेव्हाच मला वास आला होता. म्हणून तर विचारलं. तू सहज म्हणालास आणि मी मानून घेतलं. आता नमाजेला उभी राहते आणि स्वतःलाच विचारते, तुला खरंच कळलं नव्हतं का गं? हा सवाल तू माझ्या घरात ठेवून गेलास."

अम्मानं पुढे होऊन आपांच्या गुडघ्यावर हात ठेवला. आत हाजीसाहेबांनी पेपर उलटल्याचा आवाज आला.

शेवटी आपांनी सुई उचलली. "कहाँ तक हुआ था?"

रमजान आला, ईद झाली. मी रोज जात होतो. आपा शिकवत, पण आता टोमणे मारत नसत. मला त्या टोमण्यांची फार आठवण यायची. मी मुद्दाम एकदा दोनदा चुकूनही पाहिलं. त्या नुसती सुई जागेवर ठेवत आणि थांबत.

बरसीला पुन्हा चादर, पुन्हा सिपारे, पुन्हा इमामसाहेब. मी या खेपेला कोणी द्यायच्या आधीच अकरावा उचलला आणि कोपऱ्यात बसलो. बोट ठेवून वाचायला लागलो. लोक एकेक करून उठले. हाफिज तर कधीच उठला होता. चादरीवरचे सिपारे गोळा झाले, माझाच राहिला. बाहेर देगेचं झाकण हललं, दालच्याचा वास आला. कुणीतरी घसा खाकरला. इमामसाहेब घड्याळ पाहून म्हणाले, "मास्टर, पिछले साल की वो रवानी कहाँ गई?"

लोक हसले. माझं बोट त्याच शब्दावर अडकलं. तेवढ्यात पडद्याआडून अम्माचा आवाज आला. "बसा जरा. याच्या बापासाठी बी असेच थांबत होते तुम्ही."

हसणं थांबलं. मी शेवटचं पान वाचलं, सिपारा मिटला. इमामसाहेब जवळ बसून ऐकत होते. "हिज्जे एकदम साफ हैं," ते म्हणाले. "किससे पढ़ा?"

माझ्या जिभेवर 'मोबाईलवरून' हा शब्द तयार होता. इतका तयार होता की तो 'मो'पर्यंत आलाही. मग मी आपांचं सांगितलं. कुठल्या मोहल्ल्यातल्या, कुठल्या मशिदीकडच्या, सगळं. इमामसाहेबांनी दाढीवरून हात फिरवला, "पढ़ा तो क़ुरान ही है," असं पुटपुटले आणि दुआला हात उचलले.

फातिहासाठी ताट मागवलं तेव्हा मी आत गेलो. अम्मानं ओट्यावरून अब्बांच्या नावाचा डबा माझ्या हातात दिला. "देगीतून आधीच काढून ठेवलं," म्हणाली. "फातिहा व्हायच्या आधी. सांगजो त्याहीले तसं."

सगळे जेवून गेल्यावर मी गेलो. आपा ओसरीत होत्या. डबा पुढे केला.

"कशाचं आहे?"

"बरसीचं," मी म्हणालो. "फातिहाच्या आधी काढलेलं. पण बरसीचंच."

आपांनी डबा घेतला. झाकण उघडलं नाही. बाजूच्या फळीवर ठेवला. "पूर्ण झाला?" त्यांनी विचारलं.

"झाला. सगळ्यांच्या शेवटी उठलो."

त्या खिरीच्या दिवसानंतर आपा पहिल्यांदा हसल्या, थोडंसंच. "आ गई अक़्ल, कमबख़्त," म्हणाल्या. "बारावा उघड."

डबा पुढच्या आठवड्यात परत आला. रिकामा नव्हता, शेवया होत्या. आमचा दालचा त्यांनी खाल्ला, की दारावर मागायला आलेल्या कुणाला दिला, हे मला माहीत नाही. विचारावंसं मात्र अजून रोज वाटतं.